लग्नघरी अडलेले तेज : आदिस अबाबातील एक प्रकरण

इथिओपियात लग्न ठरले की मुलीची आई दोन गोष्टी आधी बघते: पाहुणे किती आणि मध कुठून आणायचा. लग्नाला तेज लागते. मध, पाणी आणि गेशो नावाच्या झुडपाच्या काड्या आंबवून घरी केलेले हे पिवळे, गढूळसर, गोड-कडू मद्य. आल्यागेल्याला धान्यापासून केलेला तल्ला चालतो, लग्नात मात्र तेवढ्याने भागत नाही. एके काळी तेज राजवाड्यात आणि सरदारांच्या घरीच असे. सम्राट मेनेलिक दुसरे यांच्या मेजवान्यांत ते हजारोंच्या पंगतीला वाढले जाई. आता कुणीही करते, तरी त्याचा मान उतरलेला नाही. लग्नात तेज कमी पडले किंवा बिघडले तर त्याची चर्चा वधूच्या कपड्यांपेक्षा जास्त दिवस चालते.

हे प्रकरण आदिस अबाबातल्या अशाच एका घरचे आहे. सम्राट हैले सेलासी यांच्या काळापासून भारतातले शिक्षक इथे शिकवायला येत आले आहेत. मीही इथे अन्न-सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो, त्यामुळे शेजारच्या घरातले तेज अडले तेव्हा हाक मला आली. घरातल्या थोरल्या बाईंना सगळी गल्ली ‘एमामा’ म्हणते. त्यांच्या हातच्या तेजाची ख्याती मी ऐकून होतो. पण त्यांची नजर आता अधू झाली आहे, म्हणून धाकटीच्या लग्नाचे तेज या वेळी थोरल्या मुलीने घातले होते. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात 20 लिटर घातले, लग्न जानेवारीच्या शेवटी. इथे नोव्हेंबरअखेरपासून 7 जानेवारीच्या गेन्ना, म्हणजे नाताळापर्यंत ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांचा उपास असतो आणि उपासात लग्ने होत नाहीत. पुढे ईस्टरच्या आधी 55 दिवसांचा मोठा उपास. मधल्या थोड्या आठवड्यांत सगळ्यांची लग्नगर्दी होते आणि त्यासाठीचे तेज नेमके वर्षातल्या सर्वांत थंड रात्रींत घालावे लागते.

दहा-बारा दिवस उलटले तरी पिंपात काही घडत नव्हते. पहिल्या दोन दिवसांत थोडे बुडबुडे आले, मग तेही थांबले. वर फेस नाही, कान लावला तर फसफस नाही. चव घेतली तर नुसते गोड मधपाणी आणि मागून हलका कुजक्या अंड्यासारखा वास. या वासाने घरातले सगळे घाबरले होते. मला मात्र उत्तराचा पहिला धागा त्यातच मिळाला.

एमामांची रीत

काय बिघडले ते कळायला आधी नीट चालणारी रीत माहीत हवी. एमामांनी ती मला सविस्तर सांगितली. इथले इतर जाणतेही थोड्याफार फरकाने तेच सांगतात.

मध बाजारातून पोळ्यासकट येतो. झाडाला टांगलेल्या ओंडक्याच्या किंवा टोपलीच्या पोळ्यातून काढलेला, त्यात मेण, पराग, कधी अळ्या आणि मेलेल्या माशाही. असा मध पाण्यात कालवायचा, एका मापाला दोन ते पाच मापे पाणी. घराघरात माप वेगळे, एमामांचे एकास तीन. भांडे म्हणजे मोठा मातीचा ‘गान’. तो गिरावा नावाच्या कडू पाल्याने घासून धुवायचा आणि वेइरा म्हणजे रानटी ऑलिव्हच्या लाकडाची धुरी द्यायची. मग मधपाणी ओतून तोंडाला फडके बांधायचे. दोन-तीन दिवसांत मेण आणि केरकचरा वर तरंगून येतो, तो काढून घ्यायचा. हा मेणाचा चोथा, ‘सेफेफ’, फेकत नाहीत. इथिओपिया मेणाची निर्यात करणाऱ्या मोठ्या देशांपैकी आहे आणि त्या मेणाचा मोठा वाटा शेतातून नाही, तेज गाळणाऱ्या घरांतून आणि तेज-बेत म्हणजे तेजाच्या गुत्त्यांतून गोळा होतो. मधाच्या उत्पादनात हा देश आफ्रिकेत पहिला आहे आणि त्यातला बराच मध तेजातच जातो.

यानंतर गेशो. याचे शास्त्रीय नाव ऱ्हॅम्नस प्रिनॉइडिस. पाने तल्ल्यात घालतात, तेजात बहुधा काड्या. कुणी थोड्या मधपाण्यात उकळून ते पाणी परत ओततात, कुणी वाळवलेल्या काड्या तशाच सोडतात. एमामा दुसऱ्या गटातल्या. गेशोमुळे कडवटपणा येतो, म्हणजे बिअरमध्ये हॉप्सची कडू फुले करतात तेच काम. पण काड्यांच्या सालीवर यीस्टही असते, आणि कोरड्या काडीबरोबर ते भांड्यात उतरते. उबदार भागात पाच दिवसांत तेज तयार होते, थंडीत पंधरा-वीस दिवस किंवा त्याहूनही जास्त. मग गाळून ‘बेरेले’त, त्या लांब मानेच्या काचेच्या चंबूत, वाढायचे.

आंबण्याआधीचे गोड मधपाणी म्हणजे ‘बिर्झ’. ते न पिणाऱ्यांना आणि मुलांना देतात. एक वर्षाखालच्या बाळाला मात्र मध कुठल्याच रूपात देऊ नये. मधात बोट्युलिझम या घातक विषबाधेच्या जिवाणूंची बीजे असू शकतात आणि तान्ह्या बाळाचे आतडे त्यांना रोखू शकत नाही.

मुलीने काय केले

मुलगी शिकलेली, टापटिपीची. आईच्या रीतीतला मेलेल्या माशांचा भाग तिला कधीच आवडला नव्हता. लग्न घरचे, पाहुणे मोठे, म्हणून तिने सगळे स्वच्छ करायचे ठरवले. सुपरमार्केटमधून गाळलेला, गरम करून बाटलीत भरलेला, सोन्यासारखा पारदर्शक मध आणला. पाच लिटर मधाला पंधरा लिटर पाणी, प्रमाण आईचेच. ते सगळे मधपाणी उकळले. गेशोच्या काड्याही त्यातच उकळून काढून टाकल्या. गान बाजूला ठेवून प्लास्टिकचे नवे कोरे पिंप आणले, गरम पाण्याने धुतले, मधपाणी निवल्यावर ओतले आणि मागच्या दगडी खोलीत, जिथे धूळ येत नाही तिथे, झाकून ठेवले.

यातली एकेक गोष्ट घेतली तर चूक म्हणावी अशी नाही. कुठल्याही स्वयंपाकघरात ही काळजी कौतुकाचीच ठरेल. अडचण अशी की सगळ्या एकाच वेळी झाल्या.

मोजमाप

माझ्याजवळ द्रवाची घनता मोजणारा हायड्रोमीटर, थर्मामीटर आणि पीएच, म्हणजे आम्लता, मोजायचे छोटे यंत्र होते. साखरेचे अल्कोहोल होत जाते तशी घनता उतरते. सुरुवातीची घनता कुणी मोजली नव्हती, पण ती हिशेबाने काढता येते. मधाचा एक लिटर साधारण 1.42 किलो भरतो. एक लिटर मध आणि तीन लिटर पाणी म्हणजे चार लिटरचे वजन 4.42 किलो, घनता 1.105. सगळी साखर आंबली तर यातून 14 टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल बनावे. प्रत्यक्षात तेज इतके सुके, म्हणजे गोडी न उरलेले, कुणी करत नाही, गोडी राखतात. पण दहा-बारा दिवसांनंतर पिंपातली घनता अजून 1.09च्या वर होती, म्हणजे जेमतेम सुरुवात. पीएच 3.3, तो चालण्यासारखा (आकडा जितका कमी तितकी आम्लता जास्त). 3च्या खाली गेला असता तर यीस्टला जड गेले असते, आणि मधपाण्यात हे लवकर घडते, कारण मधात आम्लता सांभाळून धरणारे क्षार फार थोडे. तापमान सकाळी 14 अंश. आदिस अबाबा 2,300 मीटरहून उंचावर आहे आणि डिसेंबरच्या रात्री इथे घरातही शाल लागते.

थंडी हे एक कारण झाले, पण ते पुरेसे नाही. एमामांचे तेज दर वर्षी याच थंडीत होत आले होते. मधात भेसळ असावी असा घरातल्या एका मामांचा ठाम आग्रह होता. साखरेची भेसळ इथे होते हे खरे, पण साखर यीस्ट खातेच, त्यामुळे आंबणे थांबण्याचे ते कारण होत नाही.

मला सर्वांत बोलकी खूण वाटली ती अंड्याच्या वासाची. यीस्टला साखर म्हणजे इंधन, पण नव्या पेशी घडवायला नत्र लागतो. नत्र कमी पडला की यीस्ट गंधकयुक्त वायू, हायड्रोजन सल्फाइड, सोडते. तोच तो वास. इतक्या गोड रसासाठी यीस्टला लिटरमागे साधारण 150 ते 250 मिलिग्रॅम वापरता येण्याजोगा नत्र हवा. द्राक्षाच्या रसात तो बऱ्यापैकी असतो, मधपाण्यात त्याचा लहानसा अंश. मध म्हणजे 80 टक्के साखर, 17-18 टक्के पाणी आणि उरलेल्या चिमूटभरात बाकी सगळे. त्या चिमटीतला नत्र येतो मुख्यतः परागकणांतून, आणि परागात सरासरी पाचवा हिस्सा किंवा जास्त प्रथिने असतात. बाटलीतला मध बारीक जाळीतून गाळताना नेमका पराग निघून जातो.

यीस्ट स्वतः कुठून येते हा दुसरा प्रश्न. आईच्या रीतीत ते तीन वाटांनी येई: कच्च्या मधातून, न उकळलेल्या गेशोच्या काड्यांवरून आणि वर्षानुवर्षे तेच आंबवलेल्या गानच्या मातीतल्या छिद्रांतून. मुलीने मध उकळला, काड्या उकळल्या आणि पिंप नवे घेतले. तिन्ही वाटा बंद झाल्या. हवेतून आणि हातांवरून जे थोडे यीस्ट उतरले, ते अर्धपोटी आणि गारठलेले. दोन दिवस बुडबुडे येऊन थांबले ते यामुळेच.

महाराष्ट्रात मधमाशीपालन करणाऱ्यांना कच्च्या मधातले यीस्ट सांगावे लागत नाही. पावसाळ्यात काढलेल्या आग्या मधात पाण्याचे प्रमाण 20 टक्क्यांच्या वर गेले की तो डब्यातच फसफसतो आणि झाकण उचलतो. तिथे हे यीस्ट नुकसान करते म्हणून मध तापवून घेतात. तेज घालणाऱ्याला मात्र तेच हवे असते.

बरण्यांची परीक्षा

सगळे पिंप एकदम डावाला लावण्याआधी आम्ही चार बरण्या भरल्या. पहिली होती तशीच त्याच खोलीत ठेवली. दुसरी फक्त उबेला. तिसरी उबेला ठेवून तिच्यात ओळखीच्या घरातून आणलेले चांगले फसफसणारे तेज थोडे विरजण म्हणून घातले. चौथीत हे सगळे करून शिवाय पोळ्याचा, पराग असलेला कच्चा मध कोमट पाण्यात कालवून मिसळला. झाकणे सैल ठेवली.

पहिली ढिम्म राहिली. दुसरीत चार-दोन बुडबुडे. तिसरी दुसऱ्या दिवशी जागी झाली, पण तिचा जोर लवकर ओसरला आणि अंड्याचा वास वाढला: खाणारी तोंडे वाढली, अन्न नाही. चौथी मात्र उतू जाईल अशी फुगली, वास गेला आणि घनता सर्वांत झपाट्याने उतरली. एका घरातल्या चार बरण्या म्हणजे शास्त्रीय पुरावा नव्हे, पण लग्नापुरता निर्णय घ्यायला एवढे पुष्कळ होते. माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत शहाणपणाचा भाग हाच. पिंप अडले की माणसे सगळ्या भरावर एकामागून एक उपाय करत सुटतात, आणि शेवटी कशाने बरे झाले तेही कळत नाही.

मुलीने इथे एक रास्त प्रश्न विचारला: नत्रच हवा तर खताचा युरिया का नको, स्वस्तात मिळतो. असे करणारे लोक खरेच आहेत आणि म्हणून स्पष्ट सांगतो: युरिया कधीही घालू नये. त्यापासून मद्यात इथाइल कार्बामेट तयार होते, आणि ते कर्करोगकारक मानले जाते. बेकरीचे यीस्ट चालले असते, पण चव पावाकडे झुकली असती, आणि एमामांना ते मान्य होण्यासारखे नव्हते.

पिंपावरचा उपाय

मेरकातोच्या बाजारातून पोळ्यासकट तीन किलो मध आणला. एमामांनी तो हाताने चाचपून, वास घेऊन पसंत केला. अळ्या असलेले तुकडे मुलीने वेगळे काढले आणि त्याला एमामांनी हरकत घेतली नाही. हा मध आठ लिटर कोमट पाण्यात कालवला. अंगाला गरम लागणार नाही इतकेच कोमट, कारण 40 अंशांच्या पुढे यीस्टचे हाल सुरू होतात. त्यातले दोन-तीन लिटर वेगळे घेऊन त्यात विरजणाचे तेज आणि पिंपातले थोडे गोड पाणी मिसळून एक दिवस उबेला ठेवले. थेट थंड, गोड पिंपात सोडलेले यीस्ट धसका घेते. आधी थोड्याची सवय झाली की पुढे ते टिकते. दुसऱ्या दिवशी ते जोरात फसफसू लागल्यावर सगळे एकत्र केले. एकूण 30 लिटर, आणि पातळी पिंपाच्या तीन-चतुर्थांशाच्या खाली. पहिल्या दिवसांचा फेस विचारात न घेता काठोकाठ भरलेली पिंपे मी इथे जमीन रंगवताना पाहिली आहेत.

पिंप मागच्या खोलीतून स्वयंपाकघरात आणले, इंजेराच्या मितादपासून, म्हणजे इंजेरा ही इथली आंबवलेली पोळी भाजायच्या मोठ्या तव्यापासून, पाऊलभर अंतरावर. भोवती गाबी, म्हणजे इथली जाड सुती शाल, गुंडाळली. गेशोच्या उन्हात वाळवलेल्या नव्या काड्या न उकळता फडक्यात बांधून सोडल्या. पहिले तीन दिवस सकाळ-संध्याकाळ लाकडी दांड्याने खालपासून ढवळले. त्याने यीस्टला वाढीसाठी प्राणवायू मिळतो आणि साठलेला कार्बन डायऑक्साइड निघून जातो. अंड्याचा वासही या ढवळण्यातच विरला. तीन दिवसांनी ढवळणे बंद, कारण अल्कोहोल तयार होऊ लागल्यावर हवा दिली तर शिरक्याच्या जिवाणूंना आमंत्रण मिळते.

चौथ्या दिवशी स्वयंपाकघरात शिरताच आवाज ऐकू येत होता. एमामांनी पिंपाच्या अंगावर तळहात ठेवला आणि एवढेच म्हणाल्या की आता लग्नाच्या पत्रिका वाटा.

काय हाती आले

लग्नाच्या आठवड्यात गाळले तेव्हा घनता 1.03च्या जवळ होती. नव्या मिश्रणाची सुरुवात हिशेबाने 1.10च्या किंचित खाली धरली तर अल्कोहोल साधारण 9 टक्के, म्हणजे गोडीकडे झुकलेले, लग्नाला शोभणारे तेज. रंग ठीक, फेस बारीक. कडवटपणा एमामांना कमी वाटला आणि ते बरोबरच होते: आधीच्या काड्या उकळून लवकर काढलेल्या, नव्या उशिरा पडलेल्या. पाहुण्यांपैकी कुणी तक्रार केली नाही, पण माझा विश्वास एमामांच्या जिभेवर जास्त आहे.

मराठी मित्रांना हे सांगितले की पहिला प्रश्न येतो तो विषबाधेचा. आपल्याकडच्या गावठी दारूच्या बातम्यांमुळे तो येणारच. त्या मृत्यूंमागे औद्योगिक मिथेनॉलची भेसळ असते. मधपाणी आंबवताना मिथेनॉल धोकादायक प्रमाणात बनत नाही, कारण ते मुख्यतः फळांतल्या पेक्टिनमधून येते आणि मधात पेक्टिन नसल्यातच जमा. शिवाय तेज ऊर्ध्वपातित केलेले, म्हणजे भट्टीत वाफ करून गाळलेले, नसते. महाराष्ट्रात मात्र 1949च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय घरी मद्य करणे गुन्हा आहे, मग ते मधाचे का असेना. पुणे आणि नाशिकला आता परवाना घेऊन मधाचे मद्य करणारे उद्योग उभे आहेत, त्यांचा मार्ग वेगळा. परदेशी राहणाऱ्यांनी तिथला कायदा पाहून घ्यावा.

लग्नानंतर चार-पाच लिटर तेज उरले आणि मुलीने ते बाटल्यांत बूच घट्ट लावून नैरोबीच्या आत्याकडे पाठवायचे ठरवले. हे मी आग्रहाने थांबवले. शॅम्पेनच्या बाटलीत सहा वातावरणांचा दाब येतो तो लिटरला सुमारे 24 ग्रॅम साखर बाटलीत आंबवून, आणि त्यासाठी बाटली खास जाड काचेची असते. आमच्या तेजात लिटरमागे 70 ग्रॅमहून जास्त साखर शिल्लक होती आणि यीस्ट जिवंत होते. साध्या बाटलीत ते वाटेतच फुटले असते आणि काचा कुणाच्या तरी हातात गेल्या असत्या. ज्याला तेज पाठवायचे त्याला आधी ते पूर्ण सुके होऊ द्यावे लागते, किंवा यीस्ट मारण्याची सोय हवी. इथे दोन्ही नव्हते. उरलेले तेज त्याच आठवड्यात शेजारीपाजारी वाटले. तळाचा साका एमामांनी जुन्या गानमध्ये ओतून घेतला. ईस्टरचे तेज त्यात घालायचे ठरले आहे, मध पोळ्याचाच, आणि तो धुऊन-निवडून घ्यायचे काम मुलीकडे.